लिनक्सवर डीव्हीडी मारताना अडतं कुठं आणि सोडवायचं कसं

पेनड्राइव्ह आले, क्लाउड आलं, तरी कोऱ्या डीव्हीडीचं काम काही संपलेलं नाही. सातारा-सांगलीच्या कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात सीसीटीव्हीचं फुटेज डिस्कवर मागतात. मिरजेहून एमआरआय करून आलेला पेशंट सीडीची आणखी एक कॉपी मागतो. विटा-कराडकडचं एखादं घर अजूनही लग्नाची डीव्हीडीच मागतं, कारण टीव्हीखाली प्लेअर आहे. आणि दुकानातला पीसी जुना असल्यामुळे त्यावर उबुंटू, मिंट किंवा डेबियन टाकलेलं असतं. डिस्क बिघडली की पहिला आळ लिनक्सवर येतो. बहुतेक वेळा दोष डिस्कचा, करंटचा किंवा तपासण्याच्या पद्धतीचा असतो. म्हणून आधी एवढंच ठरवा, की काम कोणत्या टप्प्यावर अडलं: ड्राइव्हच दिसत नाही, डिस्क घेत नाही, मध्येच थांबतं, पूर्ण होऊन व्हेरिफाय (लिहिलेलं परत वाचून ताडणं) फेल होतं, की आपल्याकडे चालतं आणि गिऱ्हाइकाकडे नाही. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. टप्पा न ओळखता सेटिंग बदलत बसलं, की फक्त डिस्का वाया जातात.

खालच्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या, वेगळं सांगितलं नसेल तर, इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या.

ड्राइव्ह दिसत नाही

टर्मिनल उघडून एलएसबीएलके द्या. यादीत एसआर० नावाची ओळ आणि तिच्या पुढे रॉम असं आलं, तर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ड्राइव्ह सापडलेला आहे. ओळच नसेल, तर सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका. पीसी बंद करा, साटाची डेटा केबल दोन्ही टोकांना काढून परत बसवा, पॉवरचा कनेक्टर दुसरा लावून बघा आणि बायोसमध्ये ड्राइव्हचं नाव येतं का ते पाहा. बायोसलाच दिसत नसेल तर लिनक्सला कुठून दिसणार?

यूएसबीवरचा बाहेरचा स्लिम ड्राइव्ह असेल, तर संशय आधी करंटवर घ्या. यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. डिस्क फिरायला लागताना आणि लेझर पूर्ण ताकदीनं चालताना असा ड्राइव्ह क्षणभर त्याहून जास्त ओढतो. त्यामुळे वाचताना सगळं ठीक असतं आणि राइट सुरू केलं की ड्राइव्ह गायब होतो. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांवर किंवा हबवर हे हमखास घडतं. मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. दोन तोंडांची केबल आली असेल तर दोन्ही तोंडं लावा, दुसरं तोंड शोभेला दिलेलं नसतं.

कर्नलला दिसतो पण के३बी किंवा ब्रासेरो या डिस्क मारायच्या प्रोग्रॅमना दिसत नाही, अशी तक्रार असेल तर कारणं दोनच. पहिलं, परवानगी. डेबियन-उबुंटूत ड्राइव्हची मालकी सीडीरॉम नावाच्या गटाकडे असते, आर्चमध्ये ऑप्टिकल गटाकडे. युजर त्या गटात घालायचा असा:

सुडो यूजरमॉड -एजी सीडीरॉम युजरचं-नाव

यात ए लहान आणि जी कॅपिटल. ए विसरलात, तर युजर बाकीच्या सगळ्या गटांतून बाहेर पडतो, सुडोच्या गटातूनसुद्धा, आणि मग मशीनची दुरुस्ती करायलाच हक्क उरत नाही. ही आज्ञा दिल्यावर लॉगआउट करून परत लॉगइन करा, नाहीतर बदल लागू होत नाही.

दुसरं कारण म्हणजे मागची अवजारंच नसणं. के३बी स्वतः डिस्कवर काही लिहीत नाही. तो डीव्हीडीसाठी ग्रोआयएसओएफएस, ऑडिओ सीडीसाठी सीडीआरडीएओ आणि सीडीसाठी सीडीरेकॉर्ड किंवा वोडिम यांना कामाला लावतो. डेबियन-उबुंटूत के३बीबरोबर डीव्हीडी+आरडब्ल्यू-टूल्स, सीडीआरडीएओ, वोडिम आणि झोरिसो (स्पेलिंग एक्स-ओ-आर-आर-आय-एस-ओ) ही पॅकेजं एकदाच टाकून ठेवा. वोडिमवर डीव्हीडीची जबाबदारी देऊ नका. तो २००६ मध्ये सीडीरेकॉर्डपासून फुटून निघालेला प्रकल्प आहे आणि २०१० नंतर त्याची नवी आवृत्ती आलेली नाही. डीव्हीडीला ग्रोआयएसओएफएस किंवा झोरिसो बरा. स्नॅप किंवा फ्लॅटपॅकमधून घेतलेला के३बी बंदिस्त चालतो आणि ड्राइव्हपर्यंत त्याचा हात पोचेलच असं नाही. वितरणाच्या भांडारातलंच पॅकेज घ्या.

डिस्क घातली, पण "कोरी डिस्क घाला" म्हणतो

आधी ड्राइव्हला काय काय लिहिता येतं ते बघा. कॅट /प्रॉक/सिस/डेव्ह/सीडीरॉम/इन्फो ही फाइल वाचली की "कॅन राइट डीव्हीडी-आर" अशा ओळी येतात, पुढे १ किंवा ०. जुन्या लॅपटॉपमधले कित्येक ड्राइव्ह कॉम्बो असतात, म्हणजे डीव्हीडी वाचतात पण लिहितात फक्त सीडी. तिथं ० दिसला की विषय संपला.

मग डिस्क:

डीव्हीडी+आरडब्ल्यू-मीडियाइन्फो /डेव्ह/एसआर०

यात डिस्क स्टेटसच्या पुढे ब्लँक (कोरी), अपेंडेबल (पुढे भर घालता येणारी) किंवा कम्प्लीट (बंद झालेली) असं येतं. आर प्रकारची, म्हणजे एकदाच लिहिता येणारी, डिस्क कम्प्लीट दाखवत असेल तर तिच्यावर आता काहीच करता येणार नाही. आधीचा राइट अर्धवट तुटला असेल तरीही नाही.

आरडब्ल्यू, म्हणजे पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या, डिस्कमध्ये एक गोम आहे. डीव्हीडी+आरडब्ल्यू पुसावी लागत नाही, सरळ वरून लिहितात. डीव्हीडी-आरडब्ल्यू पुसावी लागते. झटपट पुसलेल्या डीव्हीडी-आरडब्ल्यूवर एकाच दमात, एकच सेशन लिहिता येतं. थोडं आज, थोडं उद्या असं करायचं असेल तर ती पूर्ण पुसावी लागते आणि २एक्स डिस्कला त्यासाठी अर्धा तास धरा. "काल घेतली, आज घेत नाही" ही तक्रार बहुधा इथली असते.

आकाराचा घोळ वेगळाच. डब्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं ते १००० च्या पटीतलं. डॉल्फिनसारखा फाइल मॅनेजर १०२४ च्या पटीत मोजतो, त्याच्या हिशेबात तीच डिस्क ४.३८ भरते. बाइटमध्ये बोलायचं तर डीव्हीडी-आर ४,७०,७३,१९,८०८ आणि डीव्हीडी+आर ४,७०,०३,७२,९९२. म्हणजे मायनस डिस्कला काठोकाठ बसवलेली इमेज (अख्ख्या डिस्कचा मजकूर असलेली एक फाइल) प्लस डिस्कवर जवळपास ७ एमबीने बाहेर येते. ८० मिनिटांची सीडी ७३,७२,८०,००० बाइटची.

मध्येच थांबतं

इथं घाई करू नका, कारण दहा कारणांनी एकच लाल खूण येते. के३बी चुकल्यावर "डीबगिंग आउटपुट" दाखवतो, ते सेव्ह करा. शिवाय दुसऱ्या टर्मिनलमध्ये सुडो डीएमईएसजी -डब्ल्यू चालू ठेवून मग राइट करा. त्यात "सेन्स की" असा शब्द शोधायचा. नॉट रेडी म्हणजे डिस्क अजून स्थिरावली नाही किंवा ट्रे नीट बसला नाही. मीडियम एरर म्हणजे डिस्क किंवा लेन्स. हार्डवेअर एरर म्हणजे ड्राइव्ह. इलिगल रिक्वेस्ट म्हणजे सॉफ्टवेअरने अशी आज्ञा दिली, जी या ड्राइव्हला किंवा या प्रकारच्या डिस्कला लागू नाही. लिनक्सला दोष द्यायला खरी जागा आहे ती ही शेवटचीच.

सगळ्यात नेहमीची ओळ म्हणजे "परफॉर्म ओपीसी फेल्ड", पुढे एसके=३एच, एएससी=७३एच, एसीक्यू=०३एच. लिहायला सुरुवात करण्याआधी ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या कडेच्या राखीव पट्ट्यावर लेझरची ताकद जुळवून पाहतो. ते जुळलं नाही की ही ओळ येते, आणि अर्थातच शून्य टक्क्यांवर येते. सेटिंग बदलून ही जात नाही. दुसऱ्या कंपनीची डिस्क घाला, मायनसऐवजी प्लस वापरून पाहा, मग लेन्स पुसा. तरीही येत असेल तर लेझर थकला आहे. वाचायला लागणाऱ्या ताकदीच्या कितीतरी पट ताकद लिहायला लागते, त्यामुळे जुना ड्राइव्ह सिनेमा वाजवतो आणि राइटला नकार देतो यात विसंगती काही नाही. सीडीला ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा असे दोन वेगळे लेझर असतात. एक गेला तरी दुसरा चालत राहतो. म्हणून "सीडी होते, डीव्हीडी होत नाही" हे ऐकल्यावर सॉफ्टवेअर उलटंपालटं करण्यात अर्थ नाही.

८०-९० टक्क्यांवर थांबत असेल तर गोष्ट वेगळी. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. बाहेरच्या कडेला वेग सर्वात जास्त असतो आणि स्वस्त डिस्कचा रंगाचा थर नेमका तिथेच कमीजास्त असतो. वेग उतरवा आणि कड मोकळी सोडा, म्हणजे ४.७ च्या जागी ४.३ जीबीवर थांबा. १६एक्स लिहिलेल्या डिस्कला ८एक्स हा चांगला वेग आहे, वेळ सात-आठ मिनिटं. अगदी तळाचा वेग सर्वात सुरक्षित, हा समज मात्र चुकीचा आहे. आजच्या डिस्कचा थर आणि ड्राइव्हचं गणित मधल्या वेगांसाठी जुळवलेलं असतं, आणि बरेच ड्राइव्ह १एक्सवर लिहितच नाहीत.

डिस्क नेमकी कोणाची आहे हे वेष्टनावर नाही, मीडिया आयडीत कळतं. वरच्याच मीडियाइन्फोत ते येतं: एमसीसी, सीएमसी मॅग, रिटेक, असलं काहीतरी. एकाच ब्रँडच्या दोन स्पिंडलमध्ये (डिस्कांच्या चळतींमध्ये) दोन आयडी सापडतात. ज्या आयडीच्या डिस्का तुमच्या ड्राइव्हवर नीट होतात, तो भिंतीवर लिहून ठेवा. मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली, त्यामुळे तिच्या नावाची कोरी डिस्क आज कुणी पुढे केली तर ती किती जुनी असेल याचा हिशेब करा. न वापरलेल्या डिस्कचा रंगही काळानं उतरतो.

पावसाळ्याचा भाग वेगळा सांगावा लागतो. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या दमट हवेत उघड्या स्पिंडलवर आणि लेन्सवर बुरशीचे ठिपके येतात. डिस्क तिरपी धरून उजेडात बघा, जाळं दिसलं तर ती लिहायला घेऊ नका. डिस्क पुसायची ती मऊ कापडानं, मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल फिरवून कधीच नाही. ओरखडा आडवा असेल तर वाचताना दुरुस्ती होते, पण ट्रॅकच्या दिशेनं गेला तर सलग माहिती जाते. लेन्ससाठी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी आणि हलका हात. लेन्स स्प्रिंगवर तरंगत असते, दाबली तर काम संपलं. झाकण काढलेला ड्राइव्ह कधीही चालू करून आत बघू नका. लिहिणारा लेझर डोळा जाण्याइतका तीव्र असतो.

अचानक थांबण्याची बाकी कारणं अशी. ब्रासेरो आधी इमेज तात्पुरत्या फोल्डरमध्ये बनवतो. फेडोरात पूर्वीपासून आणि डेबियन १३ पासून हे टीएमपी फोल्डर रॅममध्ये असतं, रॅमच्या निम्म्यापर्यंत. ४ जीबी रॅमच्या मशीनवर डीव्हीडीची इमेज त्यात मावणार कशी? प्रोग्रॅमच्या सेटिंगमधून तात्पुरतं फोल्डर होमखाली, ५ जीबीपेक्षा जास्त मोकळी जागा असेल तिथं न्या. थेट पेनड्राइव्हवरून किंवा नेटवर्कवरून राइट करू नका. ८एक्सला सेकंदाला ११ एमबी सलग पुरवठा लागतो. बफर रिकामा झाला तर आजचे ड्राइव्ह थांबून पुन्हा जोडतात, पण प्रत्येक जोड ही कच्ची जागा. "डिव्हाइस बिझी" आलं तर सुडो फ्यूजर -व्हीएम /डेव्ह/एसआर० दिल्यावर डिस्क कुणी धरून ठेवली ते कळतं, बहुतेकदा फाइल मॅनेजरची उघडी खिडकी.

आणि लाईट. आर प्रकारच्या डिस्कला मध्ये लाईट गेली की ती डिस्क गेली. इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा. साध्या मोडवर बदलीला लागणारा वेळ पीसीला रीस्टार्ट करायला पुरतो.

राइट पूर्ण, व्हेरिफाय फेल

या टप्प्यावर चांगल्या डिस्का सर्वात जास्त फेकल्या जातात. राइट झाल्यावर डिस्क एकदा बाहेर काढून परत आत घालावी लागते, नाहीतर कर्नल जुनीच माहिती धरून राहतो. डेस्कटॉपचा ट्रे के३बी आपोआप आत ओढतो. स्लिम ड्राइव्हचा ट्रे हातानं ढकलावा लागतो, आणि तो न ढकलता वाट बघत बसलेली मंडळी "व्हेरिफाय अडकलं" म्हणतात.

दुसरी गोष्ट, अख्ख्या /डेव्ह/एसआर० चा चेकसम (सगळ्या बाइटांवरून निघणारी खूणसंख्या) काढून मूळ आयएसओशी, म्हणजे इमेजच्या फाइलशी, ताडणं चूक आहे. ट्रॅक-अ‍ॅट-वन्स पद्धतीनं लिहिलेल्या सीडीच्या शेवटी दोन न वाचता येणारे सेक्टर असतात आणि लिनक्स पुढचं आधीच वाचायला जाऊन तिथं इनपुट-आउटपुट एरर देतो. डीव्हीडीवर शेवटी भरताड जोडलं जातं, कारण ती ३२ केबीच्या ठोकळ्यांत लिहिली जाते. दोन्हीकडे तुमचा डेटा ठणठणीत असतो. इमेज जेवढी, तेवढंच वाचा. मूळ आयएसओच्या बाइटांना २०४८ ने भागा किंवा आयएसओसाइज -एक्स /डेव्ह/एसआर० ला विचारा, आणि येणारा सेक्टरचा आकडा इथं घाला:

डीडी आयएफ=/डेव्ह/एसआर० बीएस=२०४८ काउंट=तो-आकडा | शा२५६सम

मूळ फाइलचा शा२५६सम हाच आला तर डिस्क चोख आहे. सीडीला पुढच्या वेळी डिस्क-अ‍ॅट-वन्स निवडा, ही भानगडच राहत नाही. फायली थेट टाकल्या असतील आणि ताडायला आयएसओच नसेल, तर झोरिसो -इनडेव्ह /डेव्ह/एसआर० -चेक_मीडिया -- डिस्क सगळी वाचून कुठला पट्टा खराब आहे ते सांगतो.

कोर्टाच्या कामाला हे आणखी महत्त्वाचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू, म्हणजे शा२५६समसारखी खूणसंख्या, आणि ती कोणत्या पद्धतीनं काढली ते लिहायचं असतं. फुटेजच्या प्रत्येक फाइलचा हॅश राइटच्या आधी काढा, डिस्कवर गेलेल्या फाइलचा परत काढा, दोन्ही अक्षर न् अक्षर जुळवा. जुळला नाही तर ती डिस्क बाजूला. असल्या कामाला आरडब्ल्यू डिस्क वापरू नये आणि डिस्क शेवटी क्लोज, म्हणजे पुढे भर घालता येणार नाही अशी बंद, करावी.

आपल्याकडे चालतं, गिऱ्हाइकाकडे नाही

टीव्हीखालचा जुना प्लेअर एमपी४ ओळखेलच असं नाही. त्याला व्हिडिओ_टीएस फोल्डरवाली डीव्हीडी-व्हिडिओ लागते: एमपीईजी-२, आपल्याकडे पाल म्हणजे ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. ती डीव्हीडेसारख्या प्रोग्रॅमनं बनवून घ्या. दोन तासांचं लग्न एका डिस्कवर बसवायचं तर आवाजासकट एकूण ५ एमबीपीएसच्या आसपास राहा. जुन्या प्लेअरला डीव्हीडी-आर जास्त मानवते. ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल डेटा डिस्कवर द्यायची असेल तर साधं आयएसओ ९६६० (डिस्कवर फायली मांडायची जुनी पद्धत) पुरत नाही, के३बीत यूडीएफ निवडा.

फायलींची नावं देवनागरीत असतील तर अक्षरं मोजण्यात फसगत होते. विंडोजसाठीच्या जोलिएट पद्धतीत नावाला ६४ अक्षरांची मर्यादा आहे, पण तिथं प्रत्येक मात्रा आणि हलंत वेगळं मोजलं जातं. "श्रीखंडोबा" डोळ्याला चार अक्षरं, मोजणीत दहा. पाल गावच्या खंडोबाच्या यात्रेच्या चित्रीकरणाला कुणी आख्खी तिथी, गाव आणि मानकऱ्यांची नावं घालून फाइल बनवली, की नाव मध्येच तुटतं आणि दोन फायलींची नावं एकसारखी होऊन बसतात. गाडीतल्या एमपी३ प्लेअरवर तर देवनागरीच्या जागी नुसत्या रेघा येतात. तिथं नावं रोमनमध्ये, आखूड, आणि पुढे ०१, ०२ असे आकडे टाकून द्या. साध्या ऑडिओ सीडीला के३बीत एमपी३ ओढता येत नसेल तर एक्स्ट्राकोडेक्सचं पॅकेज राहिलं आहे.

मिरजेच्या स्कॅनच्या सीडीची कॉपी करताना एक फसवा प्रकार होतो. डायकॉम (स्कॅनची चित्रं साठवायची पद्धत) सीडीवर डायकॉमडिर नावाची सूची कॅपिटल अक्षरांत असते आणि बाकीच्या फायली त्या सूचीत त्याच नावांनी नोंदवलेल्या असतात. सीडी निव्वळ आयएसओ ९६६० पद्धतीची असेल तर लिनक्स माउंट करताना सगळी नावं लहान अक्षरांत दाखवतो. त्या फायली ओढून नवी सीडी मारली की नावं बदललेलीच जातात, आणि डॉक्टरांचा व्ह्यूअर "स्टडी सापडत नाही" म्हणतो. फायली ओढूच नका. के३बीतलं "कॉपी मीडियम" वापरा. ओढायच्याच असतील तर सीडी आधी अनमाउंट करून मॅप=ऑफ हा पर्याय देऊन माउंट करा, डायकॉमडिर कॅपिटलमध्ये आणि मागे ;१ असं शेपूट न लागता दिसतं याची खात्री करा, मग राइट करा, आणि पेशंटच्या हातात देण्याआधी नवीन सीडी व्ह्यूअरमध्ये उघडून एखादी सिरीज शेवटच्या चित्रापर्यंत सरकवून बघा.